सील तोडण्याआधी

वाशीला करारवाल्यांचं दुकान होतं, तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. त्या बाजूला गेलो की मी थांबतो, घासाघीस करतो आणि एखादं कव्हर अर्ध्या भावात घेऊन येतो. मला कव्हर नको असतं. त्या जागेत भाव पडतो, एवढं मला बघायचं असतं.

त्या माणसाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी इतकी वर्षं नीट सांभाळून ठेवली आहे. मी साताऱ्याकडून आलो, पावण्याला, वाशीजवळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्याच्या रबराच्या कारखान्यात साच्यात रबर दाबणाऱ्या प्रेसवर उभा राहिलो, मग स्वतःचा गाळा घेतला, स्वतःची प्रेस घेतली. यातली एकही गोष्ट मी सांगितलेल्या भावात घेतलेली नाही. माझ्या लग्नातला बँडवाला अजून मला रस्त्यात बघून पलीकडच्या फुटपाथवर जातो. असा मी. आणि या माणसाने मला कधी काही सोडलं नाही. पैसे जाऊ देत, पेढासुद्धा सोडला नाही. पेढ्याचं शेवटी सांगतो.

लोक त्यांना करारवाले म्हणत. तोंडावरही म्हणत, त्यांना त्याचं काही वाटत नसे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक तांबडं. निळं लिहायला, तांबडं अटींच्या खाली रेघ मारायला. आधी ते हे शहर वसवणाऱ्या महामंडळात होते, लीज खात्यात. इथे घर आपलं असतं, पण खालची जमीन महामंडळाची, ती आपल्याला लीजवर, म्हणजे लांबलचक मुदतीच्या भाड्याने मिळते. लोक चावी घ्यायच्या आनंदात यायचे, करारवाल्यांनी पेन्सिलने फुली मारून ठेवलेली असायची, त्या फुलीवर सह्या करायचे आणि निघायचे. निम्मी नोकरी त्यांनी फुल्या मारण्यात काढली. मग एक दिवस मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कॉम्प्युटरचं दुकान टाकलं.

"कॉम्प्युटरच का?" मी एकदा विचारलं होतं.

"मला कॉम्प्युटर विकायचे नव्हते," ते म्हणाले. "मला लायसन्स द्यायचं होतं. ते नुसतं चालत नाही म्हणून मशीनही ठेवतो."

हे ऐकून हसायला येईल, पण त्या काळात तर वेडेपणाच होता. नवा कॉम्प्युटर घेतला की आतली ऑपरेटिंग सिस्टीम, जिच्याशिवाय ते मशीन म्हणजे नुसता डबा, ती दुकानदार कुठली तरी कॉपी मारून आपणच भरून द्यायचा. भाजीवर कोथिंबीर टाकतात तशी. कोथिंबिरीचे कोण पैसे देतो? करारवाले मागायचे, सिस्टीमच्या लायसन्सचे. त्यांच्या दुकानात कोणी घरून कॉपीची सीडी घेऊन आला, की ते ती कडेला धरून उजेडात बघायचे आणि विचारायचे, "कोणाची?"

"भाच्याची."

"मग भाच्याला परत द्या. शोधत असेल."

वाचणं हा त्यांचा रोग होता. औषधाच्या डब्यातला घडीचा कागद, पासबुकाच्या मागचे नियम, तिकिटाच्या मागचं बारीक अक्षर, सगळं वाचायचे. एकदा सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी म्हणाले, "उपविधी सर्वांना माहीतच आहेत." करारवाले उठून म्हणाले, "मला कलम नऊ माहीत नाही," आणि पहिल्यापासून वाचायला लागले. सभा संपली तेव्हा हॉलमध्ये ते आणि सतरंजीवाला एवढेच होते. सतरंजीवाला सतरंजीसाठी थांबला होता.

त्यांच्या पत्नी दुपारी डबा घेऊन दुकानात यायच्या. त्यांनी एकदा माझ्यासमोरच सांगितलं, "अहो, लग्नात सप्तपदीला यांनी प्रत्येक पावलाला भटजींना थांबवलं. याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय. चौथ्या पावलाचा अर्थ भटजींनाच येईना. पंगत खोळंबली. माझे मामा म्हणाले, पोरी, अजून विचार कर."

करारवाले भाताचा घास संपवून म्हणाले, "अर्थ कळल्याशिवाय पाऊल कसं टाकणार?"

"आणि कळल्यावर?" मी विचारलं.

"त्यातलं एकही मोडलेलं नाही," वहिनी म्हणाल्या आणि डबा पुसायला लागल्या. हे त्या कौतुकाने म्हणाल्या की कंटाळून, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता माझं प्रकरण.

माझा सगळा धंदा एका मोठ्या कंपनीवर चालायचा. त्यांच्या पंपांना गळती रोखायला लागणारे रबरी गॅस्केट मी बनवायचो. दुसरी लहान गिऱ्हाइकं होती, पण ती लोणच्यासारखी, जेवण ती कंपनीच. तिथे एक नवीन साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं. यापुढे मालाचं वेळापत्रक फ्लॉपीवर येणार आणि फ्लॉपीवरच परत जाणार. ज्या पुरवठादाराकडे कॉम्प्युटर नाही त्याने ठेवावा. त्यातली सिस्टीम लायसन्सची असावी, कंपनीचा माणूस येऊन तपासेल. कॉपी सापडली तर नाव यादीतून बाद. आमच्या लायनीतला एक स्प्रिंगवाला तेवढ्यावरून बाद झालासुद्धा. त्याने तपासणीच्या माणसाला सांगितलं होतं, "साहेब, एकदम ओरिजिनल कॉपी आहे."

म्हणून मी करारवाल्यांकडे गेलो. चपला बाहेर काढायला लावल्या तिथूनच मला राग यायला सुरुवात झाली होती.

मशीनवर आमचं जमलं. मी नेहमीप्रमाणे मॉनिटरला नावं ठेवली, की-बोर्डला नावं ठेवली, उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. त्यांनी शांतपणे बिलबुक उघडून त्यांची खरेदी दाखवली, त्यावर थोडं चढवून आकडा लिहिला आणि म्हणाले, "हा माझा नफा. यात बोला." असं कोणी बोलल्यावर बोलायची मजाच जाते. तरी मी बोललो.

मग लायसन्स आलं.

"यात बोलता येणार नाही," ते म्हणाले. "हे माझं नाही."

"दुकान तुमचं ना?"

"दुकान माझं. लायसन्स कंपनीचं. मी फक्त पोचवतो."

एपीएमसी मार्केटात कांद्याचे जुने व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. तो माझा शेवटचा डाव असतो. समोरच्याला वाटतं, हा माणूस बाजारातला आहे, याला फसवता येणार नाही. मी रुमाल काढला, त्यांच्या हातावर टाकला, खाली हात घालून त्यांची बोटं धरली आणि भाव सांगितला.

त्यांनी माझा हात हातात घेऊन दोनदा हलवला. त्यांना वाटलं मी व्यवहार पक्का करतोय. मग त्यांनी रुमालाची व्यवस्थित घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवली.

"तुमचा रुमाल."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाई मशीन बंद करून ऐकत होत्या. शेवटी म्हणालो, "मशीन द्या नुसतं. लायसन्स मी आणतो कुठून आणायचं ते."

"आणा," ते म्हणाले. "घेण्याआधी खोकं सगळ्या बाजूंनी वाचा."

"मला वाचता येतं."

"येणाऱ्यांनाच सांगावं लागतं."

मशीन आमच्या पाटलांच्या टेम्पोतून पावण्याला आलं. पाटील मूळचे तिथल्याच गावातले, माझ्या शेजारच्या गाळ्यात त्यांचे टेम्पो उभे असायचे. मी वाटेत करारवाल्यांबद्दल बोलत होतो, ते गिअर टाकत ऐकत होते.

"शेट, तो मानूस येडा नाय," ते म्हणाले. "येडा मानूस भाव कमी करतो."

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला जाऊन लायसन्स आणलं. सीलबंद खोकं, वर चमकणारं स्टिकर, हलवलं की रंग बदलणारं. करारवाल्यांच्या भावाच्या निम्म्याहून कमी. दुकानदाराने वर चहा पाजला. मी परत येताना खोकं मांडीवर घेऊन आलो. आमच्या हिला दाखवलं, पाटलांना दाखवलं. झेरॉक्सवाल्या बाईंना दाखवण्यासाठी वाट वाकडी करून वाशीला गेलो. करारवाले दुकानात होते. मी त्यांना मुद्दाम दाखवलं नाही, नुसतं दारावरून हळू गेलो.

सिस्टीम टाकायला कॉम्प्युटर क्लासच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी सील फोडलं, सीडी घातली, नंबर टाकला. थोडं पुढे गेलं आणि थांबलं. पडद्यावर इंग्रजीत काही तरी आलं.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, जुनी कुठाय?"

"कसली जुनी?"

मास्तरांनी समजावलं. मी आणलेली सीडी ज्यांच्याकडे आधीची सिस्टीम आहे त्यांच्यासाठी होती. जुनं असलेल्याला नवं स्वस्तात. मशीन आता आधीची फ्लॉपी दाखवा म्हणत होतं, ती पाहिल्याशिवाय पुढे जाणार नव्हतं.

"पण मशीन कोरं आहे. याच्या आधी काहीच नव्हतं."

"तेच ते विचारतंय," मास्तर म्हणाले. "टेन्शन नका घेऊ. माझ्याकडे जुन्या फ्लॉपीची कॉपी आहे, ती दाखवू. त्याला काय कळतंय?"

त्याला कळलं नसतं. पण तपासणीचा माणूस गुरुवारी येणार होता आणि त्याला कळलं असतं. स्प्रिंगवाला रोज सकाळी माझ्या गाळ्यावरून पायी जायचा. पूर्वी स्कूटरवर जायचा.

मुंबईच्या दुकानदाराने या वेळी चहा पाजला नाही. "सील तोडलं ना? सील तोडलं म्हणजे सगळं मान्य केलं. आतच लिहिलंय." मी आवाज चढवला. त्याने खोक्याची खालची बाजू वर केली. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, फक्त आधीची आवृत्ती असणाऱ्यांसाठी. मी खोकं सगळ्या बाजूंनी पाहिलं होतं. तळाची बाजू मांडीवर होती.

मंगळवारी मी करारवाल्यांच्या दारात चपला काढल्या. पाटील बरोबर होते. मी त्यांना भांडण झालं तर असावेत म्हणून आणलं होतं.

करारवाल्यांनी खोकं घेतलं, तळ वाचला, तांबडं पेन काढलं, त्या ओळीखाली रेघ मारली आणि माझ्याकडे परत दिलं. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

"पूर्ण लायसन्स द्या," मी म्हणालो. "तुमच्या भावात."

हे वाक्य मी आयुष्यात त्याआधी उच्चारलं नव्हतं. पाटलांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"शिल्लक नाही. कोणी घेत नाही म्हणून मी ठेवत नाही. मागवलं तर पंधरवड्याने येईल."

"गुरुवारी माणूस येतोय. नाव गेलं तर मला प्रेस विकावी लागेल. माणसं घरी बसवावी लागतील. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," ते म्हणाले.

ते उठले आणि स्वतःच्या टेबलाशी गेले. तिथे त्यांचा कॉम्प्युटर होता, पिवळा पडलेला, ज्यावर ते बिलं करायचे. खालच्या कपाटातून त्यांनी एक खोकं काढलं. आत फ्लॉप्या, पुस्तक, चमकणारं स्टिकर, सगळं आणलं त्या दिवशीसारखं. दुकान टाकलं तेव्हा पहिल्यांदा घेतलेलं. नवी आवृत्ती त्यांनी घेतलीच नव्हती, कारण जुनी चालत होती.

"हे आधीचं," ते म्हणाले. "याच्या करारात एक अट आहे. हक्क दुसऱ्याला कायमचा देता येतो. सगळा संच द्यायचा, आणि घेणाऱ्याला अटी मान्य हव्यात. फ्लॅट ट्रान्सफर करतात तसंच."

"किती?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"मी नवीन माल विकतो. वापरलेला विकत नाही."

मी एक आकडा सांगितला. ते नाही म्हणाले. मी वाढवला. ते नाही म्हणाले. मी आणखी वाढवला. पाटील म्हणाले, "शेट, बस करा, मना चक्कर येतंय." आयुष्यात पहिल्यांदा मी भाव चढवत होतो आणि समोरचा शून्यावर बसला होता. शून्याला काही करता येत नाही. त्याला खाली ओढता येत नाही आणि वर उचलायला गेलं तर हात सरकतो.

"मात्र," ते म्हणाले, "करार ऐकावा लागेल."

हे मला ऐकून माहीत होतं. त्यांच्याकडून लायसन्स घेणाऱ्याला ते सगळा करार मराठीत वाचून दाखवायचे, सील तोडण्याआधी. दुकानाचा पंखा बंद व्हायचा, कारण आवाज होतो. ऐकणाऱ्याने उभं राहायचं. मधे निघून जायचं नाही, पूजेची कथा चालू असताना कोणी उठत नाही तसं. आणि शेवटी पेढा. ज्याने शेवटपर्यंत ऐकलं त्यालाच.

झेरॉक्सवाल्या बाई साक्षीला आल्या. पाटील होतेच. पंखा बंद झाला.

"ही वस्तू आपल्याला विकलेली नाही," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "वापरण्याची परवानगी दिली आहे."

"विकलेली नाही?" मी म्हणालो. "मग मुंबईवाल्याने पैसे कशाचे घेतले?"

"परवानगीचे. एका वेळी एकाच मशीनवर. भाड्याने देऊ नये. आत काय आहे हे उकलून पाहू नये."

"मी दिले पैसे आणि मीच बघायचं नाही?"

"वस्तू न चालल्यामुळे झालेल्या नुकसानीला, धंदा बुडाल्यास त्यालाही, कंपनी जबाबदार राहणार नाही."

इथे माझा तोल गेला. "ही काय पद्धत झाली? माझं एक गॅस्केट गळलं तर कंपनी सगळा लॉट परत पाठवते. आणि यांचं चाललं नाही तर हे जबाबदार नाहीत? ही अट काढा. याच्यावर बोलणी झाल्याशिवाय मी मान्य करणार नाही. कोणाशी बोलायचं? फोन लावा."

"अमेरिकेत," करारवाले म्हणाले.

"मग लावा."

"तिथे आता झोपलेत." त्यांनी पान पलटलं. "आपण राहता ते घर आपलं?"

"माझंच."

"जमीन?"

मी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"लीज वाचली होती?"

"तुम्हीच फुली मारली होती तिथे. मी सही केली."

"हो," ते म्हणाले. "मीच मारली होती."

तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून उभे असलेले पाटील बोलले. पाटील सहसा हळू बोलत नाहीत, पण तेव्हा हळू बोलले. "साहेब, या शहरासाठी आमचे बापाची जमीन घेतली तवा यवरा मोठा कागद होता. कोनी वाचून नाय दाखवला. आंगठा कुठं लावाचा तवरा दाखवला."

करारवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला.

"म्हणून वाचतो," ते म्हणाले, आणि जिथे थांबले होते त्याच्या आधीच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी ते माझ्याकडे बघून वाचत नव्हते, पाटलांकडे बघून वाचत होते. पाटलांनी सगळं ऐकलं. त्यांना कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नव्हतं, तरी मधे एकदा त्यांनी हात वर करून, "परत सांगा," असंही म्हटलं.

शेवटी हस्तांतराच्या कागदावर सह्या झाल्या, माझी, त्यांची, साक्षीदारांची. पेढे आले. माणशी एक. मी चवीने खाल्ला, कारण उभं राहून पाय दुखत होते, आणि सवयीने दुसऱ्यासाठी हात पुढे केला. करारवाल्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

गुरुवारी तपासणीचा माणूस आला. तरुण होता, टाय लावलेला, गाळ्यातल्या उष्णतेने गळ्याशी हात नेत होता. त्याने खोकं उचललं आणि पहिल्यांदा तळ बघितला. तिथे तांबडी रेघ होती.

"हे जुनं असलेल्यांसाठी आहे," तो म्हणाला. "जुनं कुठाय?"

मी जुना संच पुढे केला आणि वर हस्तांतराचा कागद ठेवला. त्याने तो वाचला. मग परत वाचला.

"असा कागद मी कोणाकडे पाहिला नाही."

"आमच्याकडे असंच असतं," मी म्हणालो.

नाव यादीत राहिलं. प्रेस चालू राहिली. मी संध्याकाळी करारवाल्यांना सांगायला वाशीला गेलो. खरं सांगायचं तर एवढं सांगून झाल्यावर प्रिंटरचा विषय काढायचा, असा बेत होता. माणूस खुशीत असताना भाव पडतो.

ते बिल लिहीत होते. हाताने, निळ्या पेनाने, कार्बन घालून. मागे टेबलावर त्यांचा पिवळा कॉम्प्युटर होता, त्यावर वहिनींनी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घातलेलं.

"बिघडला?"

"नाही."

"मग?"

"त्याच्यातलं तुमच्याकडे आहे," ते म्हणाले. "देणाऱ्याने स्वतःकडे काही ठेवायचं नाही. वाचलं होतं मी. सातवी अट."

"अहो, पण फ्लॉप्या दिल्या ना मला! मशीनमध्ये होतं ते राहू द्यायचं. कोण बघायला येणार होतं तुमच्याकडे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाचवं पाऊल अर्थ न विचारता टाकलं. मग खाली बघून बिल पूर्ण केलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं. कॉम्प्युटरच्या दुकानात हाताने लिहिलेलं बिल घेऊन ते गिऱ्हाईक जाताना हसलं. मला त्या हसण्याचा फार राग आला. त्या गिऱ्हाइकाला मी बाहेर गाठून दोन शब्द सुनावले. त्याला कारण कळलं नाही.

प्रिंटरचा विषय मी काढला नाही.

मी त्यांना म्हणालो, दुकानात एक नवी सिस्टीम मागवा आणि स्वतःच वापरा. ते म्हणाले, विक्रीचा माल दुकानदाराने वापरायचा नसतो. मी म्हणालो, मग स्वतःलाच विका. ते म्हणाले, स्वतःशी करार कसा करणार? महिनाभर तो माणूस हाताने बिलं लिहीत राहिला आणि मी त्या दुकानावरून जाताना फुलाफुलांचं कव्हर बघत राहिलो. धंद्यात माझं लक्ष लागेना. आमची ही म्हणाली, "एवढं कसलं लागलंय मनाला? फुकट तर मिळालं." मी तिला म्हणालो, तेच तर.

शेवटी मी जाऊन एक पूर्ण लायसन्स मागवायला सांगितलं. पंधरवड्याने ते आलं. मी घ्यायला गेलो तेव्हा पाटलांना नेलं नाही. सवय म्हणून भाव केला, पडला नाही, सांगितला तेवढा दिला. त्यांनी पंखा बंद केला आणि कागद काढला.

"थांबा," मी म्हणालो. "हे माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी आहे. मी घेतलं आणि तुम्हाला देतोय. कायमचं. सगळा संच. बसतं ना अटीत?"

त्यांनी खोकं फिरवून सगळ्या बाजू वाचल्या. मनातल्या मनात अटी तपासत असावेत. एखादी आडवी येईल की काय अशी मला भीती होती. मग त्यांनी करार माझ्यापुढे सरकवला आणि टेबलाच्या या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी येऊन उभे राहिले.

"वाचा," ते म्हणाले. "देणाऱ्याने वाचायचा असतो."

माझं इंग्रजी गॅस्केटपुरतं. मी अडखळत वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो, काही ठिकाणी माझंच घुसडलं. ते हात जोडल्यासारखे पुढे धरून उभे होते. त्यांना ते पाठ होतं. तरी एकदा म्हणाले, "ही अट पुन्हा," आणि मी ती पुन्हा वाचली. झेरॉक्सवाल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, वहिनी डबा तसाच हातात धरून. नुकसानीची अट आली तेव्हा मी थांबून म्हणालो, "ही मला अजून मान्य नाही."

"मला आहे," ते म्हणाले. "पुढे वाचा."

वाचून झालं. त्यांनी पट्टीने सील तोडलं, सरळ, कुठेही न फाटता. त्यांच्या त्या जुन्या मशीनवर ती नवी सिस्टीम सुरू व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ लागायचा, पण ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. "कायद्याने चालतेय," एवढंच म्हणायचे. पुढे काही वर्षांनी दुकान बंद करून ते दोघं गावाकडे गेले. कोथिंबीर फुकट मिळत असताना ती विकणाऱ्याचं दुकान किती चालणार?

त्या दिवशी पेढ्यांचं खोकं निघालं. वहिनींना एक, बाईंना एक, मला एक, त्यांचा एक.

"आज तरी," मी म्हणालो, "एक जास्त. आज वाचणारा मी होतो. घसा सुकलाय."

त्यांनी खोक्यात पाहिलं. मी पण पाहिलं. खोकं जवळजवळ भरलेलं होतं.

"माणशी एक," ते म्हणाले आणि मला पाणी आणून दिलं.